बाबा वर्धेपर्यंत धावत गेले

आमच्या हिंगणघाटात त्या काळी एखादा मोठा माणूस रस्त्याने धावताना दिसला, की लोक आधी त्याच्या मागे पाहायचे. कुत्रं लागलंय, बैल सुटलाय, की एस.टी. चुकली? बाबांच्या मागे यातलं काहीच नसायचं. खाकी हाफपँट, पांढरी बनियन आणि कॅनव्हासचे बूट घातलेला चाळिशीतला एक गृहस्थ सकाळच्या थंडीत वणा नदीच्या पुलावरून धावत जायचा आणि कचेरी उघडली की तोच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या टेबलाशी बसलेला असायचा. लोक त्यांना 'धावणारे बाबू' म्हणू लागले. त्यात थोडी थट्टा होती, थोडी कीवही होती. ते का धावतात हे गावाला ठाऊक होतं.

बाबा केळझरकडच्या एका खेड्यातले. शाळा लांब, म्हणून लहानपणी ते शेताच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, धावत शाळेत जायचे आणि धावतच परत यायचे. हायस्कूलमध्ये त्यांनी शर्यती जिंकल्या होत्या. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मी झाले, आणि धावणं आपोआप सुटलं. ते पुन्हा सुरू झालं माझ्या भावामुळे.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला. ताप उतरला आणि त्याबरोबर त्याच्या पायांतलं बळही उतरलं. पोलिओ हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. आईने त्याला कडेवर घेऊन मालिशवाले पाहिले, नागपूरचे डॉक्टर पाहिले, केळझरच्या गणपतीला नवस बोलून झाला. पाय होते तसेच राहिले. पण पोट्टा मोठा हसरा होता. संध्याकाळी बाबा कचेरीतून आले, की तो दारातच दोन्ही हात वर करून बसलेला असायचा. बाबा त्याला खांद्यावर घ्यायचे आणि नदीकाठाने धावायचे. तो त्यांचे कान लगामासारखे धरायचा. मी मागून पळत असायची, पण मला त्या दोघांना कधी गाठता आलं नाही.

तो सहा वर्षांचा झाला तेव्हा वर्धेजवळ अशा मुलांसाठी एक संस्था असल्याचं कळलं. तिथे राहायची सोय होती, शाळा होती, आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये मुलांसाठी कॅलिपर बनवायचे. म्हणजे पायाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जाड बूट. आईचं मन तयार होत नव्हतं, पण शेवटी तिने त्याला पाठवलं. दिवाळीला तो घरी आला तो स्वतःच्या पायांवर. बगलेत कुबड्या, पायात कॅलिपर, आणि फरशीवर खट् खट् आवाज. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं आणि परत आत गेली. थोड्या वेळाने डोळे पुसून पुन्हा बाहेर आली.

त्या सुट्टीत तो संस्थेच्या गोष्टी सांगायचा. तिथे कुबड्यांच्या एका जोडीवर दोन मुलं आहेत. सकाळी एक शाळेत जातो, दुपारी दुसरा. ज्याची पाळी नसेल तो खाटेवर बसून राहतो. बाबांनी त्याला विचारलं, संस्था नव्या कुबड्या का घेत नाही? तो म्हणाला, "बाबा, पैसे येतीन तवा घेतीन ना." हे त्याने अगदी मोठ्या माणसासारखं सांगितलं आणि आम्ही सगळे हसलो.

पुढच्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. संस्थेचा निरोप आला तेव्हा त्याला दवाखान्यात हलवलेलं होतं. आई, बाबा आणि आत्या गेले. मला शेजाऱ्यांकडे ठेवलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात छातीचे स्नायूही कमजोर होतात, त्याला जोर लावून खोकताच येत नाहीये. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाली चहा आणायला गेले आणि वर आले तोवर सगळं संपलं होतं. आत्या सांगायची, बाबांनी चहाचा ग्लास आईच्या हातात दिला, तिनेही घेतला, आणि चहा गार होईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

बाबा तेव्हा रडले नाहीत. घरी आणल्यावरही नाही, नदीवरून परतल्यावरही नाही. आई मात्र इतकी रडली, की तिचा आवाज बसला आणि पुढे कित्येक दिवस ती कुजबुजल्यासारखी बोलायची. बाबा आठवडाभराने कचेरीत गेले. यायचे, जेवायचे, वर्तमानपत्र वाचायचे. भावाचं नाव त्यांनी घेणं बंद केलं. आम्ही घेतलं तर ते उठून बाहेर जायचे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला वाटायचं, बाबा आपल्यावर रागावलेत की काय.

संस्थेने भावाचं सामान पाठवलं होतं. त्यात त्याचे कॅलिपर होते. आईने ते तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत तळाशी ठेवले. काही महिन्यांनी बाबांनी विषय काढला. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, मी शेजारी बसले होते.

"ते कॅलिपर संस्थेत देऊन टाकू," बाबा म्हणाले. "कोनाच्या तरी लेकराच्या कामी येतीन."

आईने भाकरी तव्यावर टाकली. "नाई," ती म्हणाली.

"पेटीत ठेवून काय करतं तू?"

"काई नाई करत. त्याच्या पायाले लागून होते ते. माह्यापाशी तेवढंच राह्यलं."

बाबांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "ठीक आहे. हे राहू दे तुह्यापाशी. मी दुसरे आनून देतो त्यायले." एवढं बोलून ते बाहेर गेले. ते काय करणार आहेत हे तेव्हा त्यांनाही माहीत नसावं.

वाचनालयात त्यांना एका मासिकात कुठल्या तरी परदेशातल्या बापाची बातमी सापडली. आजारी मुलांच्या दवाखान्यासाठी तो मॅरेथॉन धावला होता आणि लोकांनी त्याला पैसे दिले होते. बाबांनी ती बातमी आम्हाला जेवताना सांगितली. मॅरेथॉनचं अंतर आणि हिंगणघाट ते वर्धा हे अंतर जवळपास सारखंच, असंही म्हणाले.  दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कॅनव्हासचे बूट घालून बाहेर पडले.

पुढचं वर्षभर त्यांनी सराव केला. सुरुवातीला पुलापर्यंत जाऊन धापा टाकत परत यायचे. मग एकेक गाव पुढे सरकू लागले. कचेरीतले लोक म्हणाले, बाबूंच्या डोक्यावर परिणाम झालाय. आमचे मोठे काका खेड्यातून मुद्दाम समजूत घालायला आले. "अरे, लेकरू गेलं, पन तुले एक पोरगी आहे, बायको आहे," असं पुष्कळ बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला गेले.

पहिल्यांदा ते वर्धेला धावले संक्रांतीच्या दिवसांत. कचेरीतले एक मित्र, ज्यांना मी काका म्हणायची, सायकलवरून त्यांच्या मागे होते. सायकलच्या हँडलला झाकणाला फट पाडलेला तेलाचा डबा आणि एक पाटी: 'अपंग मुलांच्या मदतीसाठी'. आत्या मला घेऊन एस.टी.ने पुढे गेली. आई आली नाही. पण मी सकाळी उठले तेव्हा ती लिंबू, मीठ आणि साखरेचं पाणी बाटल्यांत भरत होती. बाटल्या तिने काकांच्या पिशवीत ठेवल्या आणि अंगण झाडायला लागली.

ते दिवस कापसाचे. रस्त्यावर कापसाने भरलेल्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यांकडे निघालेली असायची. बंडीवाल्यांना धावणाऱ्या माणसाचं नवल वाटायचं. काका सायकलवरून ओरडून कारण सांगायचे. बंडीवाल्यांपाशी कापूस विकायच्या आधी सुटे पैसे कुठले असणार? एकाने बंडीतून ओंजळभर कापूस उचलून काकांच्या पिशवीत कोंबला. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. वर्धेला पोचेपर्यंत काकांच्या सायकलच्या कॅरियरला कापसाचं एक मोठं गाठोडं झालं होतं. ते तसंच संस्थेत दिलं आणि मुलांसाठी त्याच्या उशा केल्या. पुढच्या प्रत्येक वर्षी कापूस मिळाला.

आम्ही संस्थेच्या फाटकाशी उभे होतो. मुलं कधीपासून येऊन बसली होती. कोणी कुबड्यांवर, कोणी जमिनीवर, एक मुलगी चाकाच्या पाटावर. बाबा वळणावर दिसले तेव्हा ते धावत नव्हते, धावल्यासारखं करत चालत होते. पाय वाकडे पडत होते. मुलांनी एकच गिल्ला केला. बाबा फाटकातून आत आले आणि सरळ जमिनीवर आडवे झाले. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली. त्यांना बाबांच्या चेहऱ्यापेक्षा पायांचं कौतुक. एकाने बूट काढले, दुसऱ्याने मोजे. तळव्यांवर मोठाले फोड आले होते. पाटावरची मुलगी पुढे सरकली आणि एका बोटाने हळूच फोडाच्या बाजूला हात लावून म्हणाली, "दुखते का जी?"

"दुखते," बाबा म्हणाले.

"मले तर काईच दुखत नाई," ती म्हणाली. तिला पायात संवेदनाच नव्हती, हे मला पुढे कळलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ते रडतील. पण थोड्या वेळाने ते उठून बसले आणि मुलांना शर्यतीच्या गमती सांगू लागले.

त्या वर्षी नव्या कुबड्या आल्या. पुढच्या वर्षी काही कॅलिपर. पाळी लावून चालणं हळूहळू बंद झालं. बाबा दर संक्रांतीच्या सुमारास धावत राहिले. शाळांनी त्यांचा सत्कार केला, जिनिंगवाल्यांनी नवे बूट दिले. मधल्या काळात दिल्लीला मोठे खेळ झाले, टीव्हीवर लोकांनी मॅरेथॉन पाहिली, आणि मग कीव करणारेही त्यांना मानाने हाक मारू लागले.

घरात मात्र काही बदललं नव्हतं. बाबा सकाळी धावायचे, दिवसभर कचेरीत, संध्याकाळी संस्थेसाठी पैसे जमा करायला दारोदार. रविवारी संस्थेत. आई म्हणायची काही नाही. एकदाच ती आत्याला म्हणाल्याचं मी ऐकलं, "त्यायले रस्ता तरी आहे जायले. मी कुठी जाऊ?" ती कपडे धुवायची, बाबांच्या पायाला तेल लावून द्यायची, बाटल्या भरायची. दोघं एकमेकांशी वागायला चांगले होते. पण जे बोलायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं बोलायचे.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी, धावायच्या सकाळी, आईने पेटी उघडली. लुगड्यात गुंडाळलेले कॅलिपर तिने काढले, चामडं खोबरेल तेलाने पुसलं आणि काकांच्या पिशवीत बाटल्यांशेजारी ठेवले. बाबा बुटाची नाडी बांधत होते. त्यांचे हात थांबले.

"घेऊन जा," आई म्हणाली. "कोनाच्या पायाले बसले ते मले सांगजा."

संध्याकाळी बाबा परत आले. आईने विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, की एका लहान मुलाला ते अगदी बरोबर बसले, तो चाललासुद्धा. आईने पदर तोंडाला लावला. त्या रात्री ती पोटभर जेवली. पुढे कित्येक दिवस ती अधूनमधून विचारायची, तो कुठल्या गावचा, गोरा आहे का सावळा, किती चालतो. बाबा थोडक्यात उत्तरं द्यायचे.

पुढच्या वर्षी ती म्हणाली, मी येते वर्धेला. मले त्या लेकराले पाहायचं आहे. बाबा काहीतरी कारण सांगू लागले, पण ती ठाम होती. ते धावत निघाले, आणि आई, मी, आत्या एस.टी.ने. बाबा पोचायला अवकाश होता. आई तिळाचे लाडू मुलांना वाटत होती आणि प्रत्येकाच्या पायांकडे पाहत होती. मग तिने शेडमधल्या कारागिराला विचारलं. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्याने सरळ भिंतीकडे बोट केलं. खिळ्यांना जुने कॅलिपर टांगले होते, पाच-सहा जोड्या, आणि त्यांत माझ्या भावाचे. तो म्हणाला, "हे मापाचं काम असते बाई. एकाचे दुसऱ्याले नाई बसत. बाबूसायबाले सांगतलं होतं मी."

आई खिळ्यापाशी गेली. तिने कॅलिपरला हात लावला नाही. शेजारच्या जोड्यांकडे पाहून तिने विचारलं, "हे कोनाचे?"

 काही मुलं मोठी झाली, त्यांचे लहान पडले, असं तो म्हणाला. आणि काही गेली.

आई तिथेच उभी राहिली. मी तिचा हात धरला. बाबा फाटकाशी पोचले, मुलांचा गिल्ला झाला, तरी ती बाहेर आली नाही. शेवटी बाबाच लंगडत शेडच्या दाराशी आले. ती कुठे उभी आहे हे पाहताच त्यांच्या लक्षात आलं.

"तुमी मले खोटं काऊन सांगतलं?" आईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुह्या तोंडाकडं पाह्यलं, अन् खरं निघालंच नाई," बाबा म्हणाले.

कारागिराने ते कॅलिपर खिळ्यावरून काढले आणि न्यायचे असतील तर न्या, असं म्हणून पुढे केले. आईने मान हलवली. "राहू द्या," ती म्हणाली. "इथी बाकीच्यायचे आहेत. तिथी पेटीत एकटेच होते."

परतीच्या एस.टी.त दोघं शेजारी बसले. मी मागच्या बाकावर होते. बाबांचं डोकं झोपेने आईच्या खांद्यावर कलंडलं होतं आणि आईने ते तसंच राहू दिलं. कुठल्या कुठल्या गावांच्या पाट्या मागे गेल्या मला आठवत नाही. तुरीची शेतं दोन्ही बाजूंना वाळत होती एवढं आठवतं.

त्यानंतरही बाबा दोन-तीन वर्षं धावले. मी तोवर नागपूरला कॉलेजात होते. शेवटच्या वर्षी वर्धा थोडीच लांब असताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. ते बाभळीखाली बसले, मग आडवे झाले. काकांनी एक बंडी थांबवली. बंडीवाल्याने बाबांना कापसाच्या ढिगावर झोपवलं आणि बैल वर्धेकडे वळवले. पुढे एक जीप भेटली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक आहे, वेळेवर आणलं. आणि बाबांना म्हणाले, आता धावायचं नाव काढू नका.

संस्थेत त्या दिवशी मुलं अंधार पडेपर्यंत फाटकाशी बसून होती, असं काकांनी मला सांगितलं. बाबांना कोणी सांगितलं नाही.

पुढच्या संक्रांतीला कॉलेजातली दोन मुलं बाबांच्या जागी धावली. त्याच्या पुढच्या वर्षी कोणी धावलं नाही. बाबा ओसरीत खुर्ची टाकून बसायचे. सकाळी सवयीने लवकर उठायचे, आणि मग दिवस कसा काढावा ते त्यांना कळायचं नाही. कॅनव्हासचे बूट आईने एका भिकाऱ्याला देऊन टाकले.

मी सुट्टीला घरी आले होते. हिवाळ्यातली दुपार, अंगणात ऊन. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, संध्याकाळी त्या हिरव्या दाण्यांची सोलेभाजी करायची होती. बाबांनी खुर्ची जवळ ओढली आणि तेही शेंगा सोलू लागले. मी उंबऱ्यात बसून केस विंचरत होते.  एकाएकी बाबा म्हणाले, "त्याले कच्चे सोले लय आवडे. मूठ भरून पळवून न्याचा."

त्यांनी माझ्या भावाची आठवण काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांच्या हातातली शेंग खाली पडली आणि ते रडू लागले. मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. त्यांचं सगळं अंग हलत होतं, तोंडातून भलताच आवाज येत होता. मला छातीच्या दुखण्याची भीती वाटली, मी उठून त्यांच्याकडे धावले. आईने हाताने मला थांबवलं. ती बाबांच्या पायाशी येऊन बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रडा," ती म्हणाली. "मी हाओ ना इथी. मी तर कवाचीच रडून बसली. तुमचंच राह्यलं होतं."

ते किती वेळ रडले कोणास ठाऊक. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मग आईने मला पाणी आणायला सांगितलं.

त्यानंतर बाबांना दोनच हिवाळे मिळाले. ते झोपेतच गेले. पण त्या दोन वर्षांत घरात भावाचं नाव रोज निघायचं. मी सुट्टीला आले की दोघांचं काही ना काही चाललेलं असायचं. तो पहिल्यांदा काय बोलला, 'बाबा' की 'पानी'. त्याचा पहिला दात कुठे पडला, घरी की आत्याकडे. नदीकाठी तो कान ओढायचा की केस. बाबा म्हणायचे कान, आई म्हणायची, तुमाले काय माहीत, तुमी तर खाली होते, मी पाहत होती, केस. दोघं हट्टाला पेटायचे आणि शेवटी माझ्याकडे वळून विचारायचे, तू तर मागून पळत होती, सांग. मला चांगलं आठवत होतं. पण मी म्हणायची, मी लहान होते, माझ्या लक्षात नाही. मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.